प्रेक्षकाच्या वेळेचा कडता

चित्रपटाच्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती नेमकी कशाची वेळ असते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. सहाचा खेळ म्हणजे सहाला सुरू होणारा खेळ, असे कोणीही सांगेल. परंतु सातारा वा सांगली येथील एखाद्या चित्रपटगृहात अलीकडे ज्याने वेळेवर जाऊन बसण्याचा शिष्टाचार पाळला असेल, त्याला हे उत्तर इतक्या सहजपणे देता येणार नाही. सहाला दिवे मंदावतात हे खरे. पण पडद्यावर येते ती कथा नव्हे. येतात त्या बांधकामाच्या सळया, सिमेंटची पोती, लग्नसराईचे दागिने, गृहकर्ज देणाऱ्या संस्था आणि वेलदोड्याच्या नावाखाली भलत्याच मालाची आठवण करून देणारे तारांकित चेहरे. त्यानंतर आगामी चित्रपटांच्या झलकी येतात. त्या संपल्या असे वाटून प्रेक्षक सावरून बसतो, तोच पुन्हा सळई हजर होते.

प्रस्तुत लेखकाने गेल्या उन्हाळी सुट्टीत सांगलीतील एका खेळाला घड्याळ लावून पाहिले. सहाच्या खेळाचा चित्रपट सहा वाजून २१ मिनिटांनी सुरू झाला. मध्यंतरात जे झाले ते वेगळेच. बाहेर पडताना तेथील व्यवस्थापकांपाशी विषय काढला, तेव्हा त्यांनी सौजन्याने सांगितले की, सर, हे सगळीकडे असेच असते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. साताऱ्यात नोकरी आणि सांगलीत आप्तस्वकीय अशी स्थिती असल्यामुळे दोन्ही गावांच्या पडद्यांचा अनुभव या लेखकाला आहे, आणि या एका बाबतीत कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत कमालीचे ऐक्य आहे.

वीस मिनिटांनी असे काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याचे काही बिघडत नाही. पण या दोन्ही शहरांतील प्रेक्षकवर्ग केवळ शहरांतला नाही. साताऱ्याला मेढा, कोरेगाव, परळी खोऱ्यातून आणि सांगलीला तासगाव, पलूस, आष्टा या बाजूंनी महाविद्यालयात येणारी मुले-मुली महिन्यातून एखाद्या वेळी चित्रपटाचा बेत आखतात, तेव्हा त्या बेताचा कणा शेवटची एसटी हा असतो. दुपारचा खेळ कधी सुटणार, तेथून स्थानकावर पायी जायला किती वेळ लागणार, याचा हिशेब आधी होतो आणि मग तिकीट काढले जाते. या हिशेबात तिकिटावरची वेळ आणि वर्तमानपत्रात वाचलेली चित्रपटाची लांबी एवढ्या दोनच संख्या त्यांच्या हाती असतात. तिसरी संख्या त्यांना कोणी सांगत नाही. परिणाम असा की, चित्रपट ऐन शेवटाला आला असताना मागच्या रांगांतून चारदोन मुले-मुली वाकून, इतरांची क्षमा मागत बाहेर पडताना दिसतात. त्यांनी सळईची जाहिरात दोनदा संपूर्ण पाहिलेली असते. ज्यासाठी पैसे मोजले त्या कथेचा शेवट मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात मित्रांकडून ऐकावा लागतो.

जाहिरात आणि चित्रपट यांचा संबंध नवा नाही, हे मान्य केले पाहिजे. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात काचेच्या स्लाइड दाखवीत असत. पेठेतले कापडदुकान, नव्याने उघडलेले भांड्यांचे दालन, एखादा सराफ, एखादी शिकवणी. कधी स्लाइड उलटी लागे आणि थिएटरभर हशा पिकत असे. पुढे दंतमंजनाच्या आणि हळदीच्या मलमाच्या छोट्या फिती आल्या. विकोच्या जाहिराती पाहिल्याशिवाय चित्रपट सुरू झाल्यासारखे वाटू नये, इतक्या त्या एका पिढीच्या अंगवळणी पडल्या होत्या. जत्रेतल्या तंबूत तर गर्दी जमेपर्यंत खेळ सुरूच होत नसे. परंतु तंबूची ती रीत गावाला ठाऊक असे. ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यांवरून घरात जेवण उरकणारा माणूसही अजून किती वेळ आहे हे ओळखत असे. स्लाइडची गोष्टही तशीच. त्यात एक आपलेपणा होता आणि मुख्य म्हणजे ती पाचसात मिनिटांत आटोपत असे.

याहून मोठा आणि सक्तीचा पूर्वरंग शासनाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळात सुमारे २,००० फूट लांबीची सरकारमान्य फीत दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक करण्यात आले. पस्तीस मिलिमीटरची बोलकी फीत मिनिटाला ९० फूट या वेगाने सरकते. म्हणजे ही सक्ती सुमारे २२ मिनिटांची झाली. परकीय सरकारने युद्धप्रचारासाठी प्रेक्षकाचा जेवढा वेळ मागितला, जवळजवळ तेवढाच आज सळई आणि सिमेंटवाले मागतात, हा योगायोग मोठा बोलका आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि वार्तापट व अनुबोधपट प्रत्येक खेळापूर्वी दाखविण्याची पद्धत रूढ झाली. पूरग्रस्तांच्या छावण्या, धरणांच्या भिंती, पाहुण्या राष्ट्राध्यक्षांची विमाने हे सारे आपण त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत पाहिले. त्या फितींपोटी चित्रपटगृहांना आपल्या निव्वळ उत्पन्नाचा एक टक्का भाडे म्हणून द्यावा लागे, आणि ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये वैध ठरविली. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. या अनुबोधपटांना कंटाळून पानपट्टीवर रेंगाळणारे प्रेक्षक तेव्हाही होते. तरीही त्या सक्तीमागे, बऱ्यावाईट स्वरूपात का होईना, नागरिकाला काही सांगण्याचा उद्देश होता. आणि तिच्या लांबीचा अंदाज सर्वांना होता. आजच्या पूर्वरंगात या दोन्ही गोष्टी नाहीत.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाने आपला विषय थोडा मांडावा हे क्षम्य ठरावे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये कालविनियोगाचा सिद्धान्त मांडताना असे दाखविले की, कोणत्याही वस्तूच्या उपभोगाची किंमत ही केवळ तिच्यासाठी मोजलेल्या पैशांइतकी नसते. तिच्यात खर्ची पडलेल्या वेळेचे मूल्यही मिळवावे लागते. हा विचार चित्रपटाला लावून पाहू. दोनशे प्रेक्षकांच्या सभागृहात प्रत्येकाची २० मिनिटे जाहिरातींत गेली, तर एका खेळात ४,००० मिनिटे म्हणजे सुमारे ६७ तास होतात. दिवसाचे चार खेळ भरले तर तो आकडा २६६ तासांच्या वर जातो. आठ तासांचा एक दिवस धरला तर ३३ माणसांची दिवसभराची मजुरी. ही मजुरी प्रेक्षक देतो. चित्रपटगृह ती गोळा करून जाहिरातदाराला विकते. म्हणजे एकच प्रेक्षक दोनदा उपयोगी पडतो: तिकीटखिडकीवर तो गिऱ्हाईक असतो आणि खुर्चीत बसल्यावर माल होतो.

शिवाय या दोन उत्पन्नांत एक महत्त्वाचा भेद आहे. तिकिटाच्या उत्पन्नात वितरकाचा आणि त्याच्यामार्फत निर्मात्याचा वाटा असतो. पडद्यावरच्या जाहिरातीचे उत्पन्न सामान्यतः चित्रपटगृहाच्याच पदरात पडते. जेथे उपग्रहाद्वारे वा डिजिटल यंत्रणेद्वारे चित्रपट पुरविणारी कंपनी जाहिरातीही मिळवून देते, तेथे ते तिच्याशी वाटून घेतले जाते. ज्या उत्पन्नात भागीदार थोडे त्याच्याकडे व्यापाऱ्याचा ओढा अधिक असणार, हे सांगायला ग्रंथ उघडण्याची गरज नाही. चित्रपटाची लांबी वाढली तर मालकाचे नुकसान आहे, कारण खेळांची संख्या घटते. जाहिरातींची लांबी वाढली तर, एका मर्यादेपर्यंत, फायदाच आहे.

पण मग प्रेक्षकाने उशिराच जावे, असे चतुर लोक सुचवितात. वस्तुतः या सूचनेतच या साऱ्या व्यवहाराचे मर्म दडले आहे. किती उशिरा जावे? दहा मिनिटे की पंचवीस? एका आठवड्यात जाहिराती बारा मिनिटांत संपतात, मोठ्या सणाच्या आठवड्यात त्या दुपटीवर जातात. जो अंदाजाने उशिरा जातो तो कधी अंधारात इतरांचे पाय तुडवीत जागा शोधतो आणि कधी चित्रपटाचा आरंभ गमावून बसतो. म्हणून शहाणा माणूस निमूटपणे वेळेवर जातो. आता कल्पना करा की, चित्रपट सहा वाजून २१ मिनिटांनी सुरू होईल हे सर्वांना आधी ठाऊक आहे. सहाला सभागृहात किती माणसे असतील? आणि रिकाम्या खुर्च्यांना दाखविण्यासाठी जाहिरातदार किती पैसे मोजील? चित्रपट नेमका कधी सुरू होणार हे प्रेक्षकाला न कळणे, हा या व्यवस्थेतला निष्काळजीपणा नाही. तोच या व्यवहाराचा आधार आहे. जाहिरातदाराला जे विकले जाते त्यात आपल्या डोळ्यांइतकाच आपल्या अज्ञानाचाही भाग असतो.

आणि हे अज्ञान एकतर्फी आहे. फितीचे डबे मोटारसायकलवरून एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात धावत असत, त्या काळी मालकालाही वेळेची खात्री देता येत नसे. आज सारा खेळ संगणकावर आधी रचून ठेवलेला असतो. कोणती जाहिरात कितव्या सेकंदाला लागणार आणि चित्रपटाची पहिली चौकट केव्हा उमटणार, हे प्रक्षेपण कक्षात बसलेल्या माणसाला सकाळीच ठाऊक असते. परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र चित्रपटाची लांबी मिनिटांत लिहून पडद्यावर झळकते. म्हणजे माहिती अस्तित्वात आहे, अचूक आहे, आणि ती सांगण्यास दमडीही लागत नाही. ती फक्त पैसे देणाऱ्याला दिली जात नाही.

सांगलीच्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटावा. शेतमालाच्या बाजारात पोत्यामागे काही वजन ‘कडता’ म्हणून कापून घेण्याची जुनी चाल होती. माती, ओल, बारदान अशी तिची कारणे सांगितली जात, आणि त्यांतली काही खरीही असत. शेतकऱ्याची तक्रार कडत्याच्या अस्तित्वाविषयी जितकी होती, त्याहून अधिक तो किती आणि कोणत्या हिशेबाने कापला हे त्याला न सांगण्याविषयी होती. बाजार नियंत्रणाचे जे कायदे १९३९ पासून या प्रांतात आले, त्यांचा बराचसा रोख वजन, तोल आणि कपात उघड्यावर आणण्याकडे होता. किराणा दुकानातल्या पुड्यावर आज ‘निव्वळ वजन’ छापावे लागते. डब्याचे वजन तेलात धरून विकले तर तो गुन्हा ठरतो. तिकीट हा एकच पुडा असा आहे की ज्यावर डबा आणि तेल यांचे वजन एकत्र छापलेले असते.

चित्रपटगृहांच्या मालकांची बाजू ऐकली पाहिजे, आणि ती निव्वळ बहाणेबाजी नाही. या दोन्ही शहरांत जुनी एकपडदा थिएटरे एकामागून एक मिटली. कोठे व्यापारी संकुले उठली, कोठे नुसते कुलूप आहे. वीज, वातानुकूलन, नोकरवर्ग यांचा खर्च खुर्च्या भरोत वा न भरोत चालूच असतो. सोमवार ते गुरुवार दुपारच्या खेळाला मोजकी डोकी असतात. घरबसल्या भ्रमणध्वनीवर चित्रपट दिसू लागल्यापासून तर प्रेक्षकाला घराबाहेर काढणेच कठीण झाले आहे. अशा वेळी जाहिरातीचे उत्पन्न गेले तर तिकीट महागेल, असे ते म्हणतात. असेलही. परंतु तिकीट दहा रुपयांनी महागले तर ते मला दिसते, मी ते तोलू शकतो, परवडत नसेल तर न जाण्याचे ठरवू शकतो. वीस मिनिटांची किंमत मला न विचारता वसूल होते. आणि एक साधी गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही असे दिसते: ज्या प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने ते जाहिराती वाढवितात, तो घरचा पडदा पाहणाऱ्याला हवे तेव्हा चित्रपट सुरू करू देतो.

हा वाद न्यायालयापर्यंतही गेला आहे. बेंगळुरूतील एका प्रेक्षकाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘सॅम बहादुर’ या चित्रपटाचे दुपारी ४ वाजून ५ मिनिटांचे तिकीट काढले. चित्रपट साडेचारला सुरू झाला आणि त्याची पुढची कामे चुकली. तेथील ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला वीस हजार रुपये भरपाई व आठ हजार रुपये खर्च देण्याचा, आणि ग्राहक कल्याण निधीत एक लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. कोणालाही दुसऱ्याचा वेळ व पैसा यांवर स्वतःचा लाभ करून घेण्याचा हक्क नाही, अशी आयोगाची भूमिका होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली; एका व्यक्तीच्या तक्रारीवर आयोगाने जनहित याचिकेसारखा निवाडा केला, हा आक्षेप त्यामागे होता. कायद्याच्या दृष्टीने तो आक्षेप समजण्यासारखा आहे. एका ग्राहकाचे भांडण सोडविणे वेगळे आणि साऱ्या धंद्याला नियम घालून देणे वेगळे; दुसरे काम विधिमंडळाचे व शासनाचे आहे. पण त्यामुळे प्रश्न निकालात निघत नाही, तो योग्य दारात जाऊन उभा राहतो.

येथे खाद्यपदार्थांच्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याचा चित्रपटगृहाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत दिले पाहिजे असेही सांगितले. त्यामागचा एक विचार असा होता की, तेथील मक्याच्या लाह्या विकत घेण्याची सक्ती कोणावर नाही. तर्क बिनतोड आहे. परंतु जाहिरातींना तो लागू पडत नाही. लाह्या नाकारता येतात. अंधारात, चौदा फूट उंच, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात समोर उभी राहिलेली सळई नाकारण्याची सोय त्या खुर्चीत नाही.

तंबाखूविरोधी सूचनांचे आणि राष्ट्रगीताचे निमित्त कोणी पुढे करील, तर तेही मोजून टाकू. राष्ट्रगीताला ५२ सेकंदे लागतात. तंबाखूसेवनाची दृश्ये असलेल्या चित्रपटांत ऑक्टोबर २०१२ पासून आरंभी व मध्यावर किमान ३० सेकंदांच्या सूचना आणि २० सेकंदांचे निवेदन दाखवावे लागते. हे सारे मिळून आरंभीची दोन-अडीच मिनिटे होतात. उरलेली अठरा कोणाची, हे सांगायला नको.

या विषयातली सर्वात बोचणारी घटना मात्र न्यायालयातली नाही. देशातील सर्वात मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीने २०२५ च्या आरंभाला मोठ्या शहरांतील आपल्या काही महागड्या पडद्यांवर जाहिराती वगळून खेळ लावण्याचा प्रयोग जाहीर केला. म्हणजे जाहिरातीविना चित्रपट सुरू होऊ शकतो, हे व्यावसायिकांना पुरते ठाऊक आहे. ज्याची ऐपत आहे त्याला त्याचा वेळ परत विकत मिळेल. पलूसहून एसटीने येणाऱ्या मुलाला तो मिळणार नाही. त्याचाच वेळ जाहिरातदाराला विकून धंदा चालेल. रेल्वेत पहिला आणि दुसरा वर्ग असतो, पण दोन्ही डबे एकाच वेळी सुटतात.

उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी जाहिरातींवर बंदी घालण्याची मागणी करण्याचेही कारण नाही. फ्रान्समध्ये चित्रपटांच्या साप्ताहिक पत्रकांत खेळाची वेळ आणि त्यानंतर किती मिनिटांनी चित्रपट सुरू होणार हे छापण्याची जुनी प्रथा होती. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळात जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाच्या खऱ्या आरंभाची वेळ जाहीर करण्याची सक्ती करणारे विधेयक मांडले गेले. आणि त्याच वर्षी एएमसी या तेथील बलाढ्य साखळीने, सक्ती नसताना, तिकीट विकतानाच सांगायला सुरुवात केली की चित्रपट छापील वेळेनंतर २५ ते ३० मिनिटांनी सुरू होतो. त्यांनी जाहिराती कमी केल्या नाहीत, उलट वाढविल्याच, पण सांगितले. आपल्याकडे केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तासाला १२ मिनिटे ही जाहिरातींची मर्यादा लिहिलेली आहे. तिच्या पालनाचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही, तरीही प्रेक्षकाच्या वेळेला मर्यादा असू शकते हे तत्त्व शासनाने एका पडद्यापुरते मान्य केले आहे. दुसरा पडदा त्यातून का सुटावा?

हा प्रश्न सांगलीतून विचारला जाण्यात एक औचित्य आहे. याच गावी १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतल्या नाटकांनाही पूर्वरंग होता. सूत्रधार येई, नांदी होई, गणपती-सरस्वती येऊन जात. तो पूर्वरंग खेळाचाच भाग होता, त्याचे पैसे कोणा व्यापाऱ्याने दिलेले नव्हते. आणि नाट्यगृहात आजही तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. पहिल्या घंटेला चहा संपवावा, दुसरीला आत जावे, एवढा भरवसा प्रेक्षकाला असतो. चित्रपटगृहांना मागायचे ते या तिसऱ्या घंटेइतकेच आहे.

महाराष्ट्रात चित्रपटगृहांचे परवाने १९५३ च्या चित्रपटगृह नियमन कायद्याखाली दिले जातात आणि जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी असतो. खुर्च्यांच्या रांगांमधले अंतर, बाहेर पडण्याचे दरवाजे, अग्निशमनाची साधने यांच्या अटी त्याखालील नियमांत तपशीलवार आहेत. राज्य शासनाने त्यांत एका अटीची भर घातली की काम झाले. परवाना प्रत्येक चित्रपटगृहाला घ्यावाच लागतो, त्यामुळे कोणा एकट्या मालकाला दुसऱ्याच्या तुलनेत तोटा होण्याचेही कारण उरणार नाही. तिकिटावर आणि ऑनलाइन नोंदणीच्या पानावर आज एक वेळ असते तेथे दोन छापाव्यात: खेळ ६.००, चित्रपट ६.२१. ज्याला सळई पाहायची आहे त्याने सहाला यावे. इतरांना तेवढ्या वेळात बाहेर चहा घेता येईल, आणि परतीच्या एसटीचा हिशेब घरूनच करून निघता येईल.